लहरींच्या गायरानात

२०२३ च्या गणेश चतुर्थीला, १९ सप्टेंबरला, जिओने ‘एअरफायबर’ सुरू केलं. पहिल्या आठ शहरांत मुंबई आणि पुणे होती, आणि दर महिन्याला ५९९ रुपयांपासून होता. महिनाभर आधीच एअरटेलने दिल्ली आणि मुंबईत तशीच सेवा आणली होती. जाहिरातींचा सूर असा, की तार न ओढता घरात वेगवान इंटरनेट येणं ही काही अपूर्वाई आहे. तालुक्याच्या गावात पाण्याच्या टाकीवर चढून अँटेना फिरवणाऱ्या पोरांना त्याचं हसू आलं असेल. हवेतून इंटरनेट देण्याचा धंदा ही मंडळी कितीतरी वर्षांपासून करताहेत. त्यांना ना जाहिरात परवडते, ना त्यांच्या सेवेला खास नाव असतं. गावात त्यांना ‘नेटवाला’ म्हणतात.

या नेटवाल्याचं पुढे काय होणार, हा प्रश्न दिसतो तितका सरळ नाही. मोठी कंपनी स्वस्त देते म्हणून छोटा मरतो, असं सांगून लोक मोकळे होतात. किमतीचा वाटा त्यात आहेच. पण नेटवाल्याचा गळा आवळणाऱ्या बाकीच्या गोष्टी ग्राहकाला दिसत नाहीत आणि धोरणकर्ते त्यांच्याकडे तांत्रिक बाब म्हणून पाहतात.

धंद्याचा पाया १९९८ च्या धोरणात आहे. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, आणि तीन वर्षांनी खासगी पुरवठादारांना परवाने खुले झाले. परवाना शुल्क आधी माफ होतं, नंतर वर्षाला एक रुपया. परवान्याच्या तीन श्रेणी होत्या: देशभरासाठी ‘ए’, राज्याच्या किंवा महानगराच्या पातळीवर ‘बी’, आणि साधारण जिल्ह्याएवढ्या क्षेत्रासाठी ‘सी’. नंतरच्या युनिफाइड लायसन्समध्येही ही विभागणी टिकली. त्यात ‘ए’साठी प्रवेश शुल्क ३० लाख, ‘बी’साठी २ लाख आणि ‘सी’साठी २० हजार रुपये ठेवलं गेलं. म्हणजे जिल्ह्यापुरता पुरवठादार व्हायला आत शिरण्याचं दार तरी अरुंद नव्हतं.

दुसरी सोय झाली ती लहरींची. मोबाइल कंपन्या लिलावात पैसे मोजून लहरी घेतात. २०२२ च्या ५जी लिलावात सरकारला मिळून सुमारे दीड लाख कोटी रुपयांच्या बोली आल्या, त्यांत एकट्या जिओच्या ८८ हजार कोटींच्या होत्या. छोट्या माणसाचं तिथे काहीच काम नाही. त्याच्यासाठी होत्या त्या परवानामुक्त लहरी. २००५ मध्ये २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा मोकळा झाला आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झमधला मोठा भाग, एकूण ६०५ मेगाहर्ट्झ. हे लहरींचं गायरान. कुणाच्याही मालकीचं नाही, ठरलेल्या ताकदीच्या मर्यादेत राहून कुणीही वापरावं. घरातला वायफाय राउटर, शेजारच्या दुकानातला कॅमेरा आणि दहा किलोमीटरवरच्या गावाला इंटरनेट पोचवणारी नेटवाल्याची लिंक, सगळे त्याच पट्ट्यात.

अशी एक लिंक उभी राहते कशी, ते जरा जवळून पाहण्यासारखं आहे. तालुक्याच्या ठिकाणी फायबर येऊन थांबतं. तिथल्या उंच इमारतीवर जीआय पाइपचा खांब, त्याला तीन बाजूंनी ताण, आणि टोकाला ताटाएवढी डिश. समोरच्या टोकाला, सात-आठ किलोमीटरवर, दुसऱ्या गावातली पाण्याची टाकी किंवा देवळामागची टेकडी. दोन्हींमध्ये थेट नजर हवी. पण डोळ्याला समोरचा खांब दिसला म्हणजे काम झालं असं नाही. ५.८ गिगाहर्ट्झच्या दहा किलोमीटरच्या लिंकला मधोमध नजरेच्या रेषेभोवती सुमारे अकरा मीटर त्रिज्येची जागा लागते आणि तिचा बराचसा भाग मोकळा असावा लागतो. मार्चमध्ये पानगळ झालेल्या सागाच्या वर लिंक उत्तम बसते. जुलैत त्याच सागाला पानं आली की सिग्नल खाली येतो आणि गावातून फोन सुरू होतात. खुद्द पावसाचा ५ गिगाहर्ट्झवर फारसा परिणाम होत नाही, झाडांचा मात्र होतो. त्याहून मोठं नुकसान वळवाच्या पावसात होतं. मे महिन्यात वीज कडाडली की रेडिओ, स्विच, पॉवर अडॅप्टर अशी एका रात्रीत सगळी साखळी जळते. अर्थिंग नीट केलं असेल तर निम्मं वाचतं. त्यात भारनियमन, बॅटऱ्या, कोकणात वायर कुरतडणारी माकडं. हे सगळं सांभाळून महिन्याला चारशे-पाचशे रुपयांचं कनेक्शन द्यायचं, आणि नेट गेलं की रात्री अकरालाही फोन उचलायचा.

हा फोन उचलणं हेच त्याचं भांडवल. मोठ्या कंपनीच्या टोल फ्री नंबरवर भाषा निवडण्यापासून सुरुवात होते, नेटवाला आवाज ओळखून विचारतो, “राउटरवरचा लाल दिवा लागलाय का?” ग्रामीण भागातले पुष्कळ ग्राहक केवळ या एका गोष्टीसाठी त्याच्याकडे राहतात.

आता गळ्याच्या फासाकडे. नेटवाला जो माल विकतो तो त्याचा नसतो. बँडविड्थ त्याला वरून घ्यावी लागते, धंद्याच्या भाषेत ‘अपस्ट्रीम’. ती विकणारे देशात मोजकेच आहेत: एअरटेल, टाटा, जिओ, बीएसएनएल, पॉवरग्रिड, आणखी काही. यांतले सगळ्यांत मोठे तेच, जे त्याच्या ग्राहकाच्या दारात स्वतःचं कनेक्शनही विकतात. ज्याच्याकडून ठोक घ्यायचं, त्याच्याशीच किरकोळीत भिडायचं. अपस्ट्रीमच्या मोठ्या खरेदीदाराला दर कमी पडतो, छोट्याला जास्त. तालुक्यापर्यंत फायबर ओढलेली कंपनी एकच असेल तर सौदा करायला जागाच नसते. मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर समुद्राखालच्या बऱ्याच केबली येतात आणि मुंबईतल्या एक्स्चेंजमध्ये पुरवठादार आपापसांत ट्रॅफिकची देवाणघेवाण करतात, त्यामुळे तिथे बँडविड्थ स्वस्त मिळते. तीच गडचिरोलीपर्यंत नेण्याचं भाडं जीव काढतं. २००३ मध्ये उभी राहिलेली निक्सी ही सरकारी पुढाकारातली एक्स्चेंज संस्था देशभर केंद्रं काढत आली, तरी जिल्ह्याच्या पातळीवर हा खर्च फार उतरलेला नाही.

यूट्यूब आणि नेटफ्लिक्ससारख्यांचे, व्हिडिओंच्या प्रती जवळ ठेवणारे कॅश सर्व्हर पुरवठादाराकडे बसवले तर अपस्ट्रीमवरचा भार निम्म्याहून कमी होऊ शकतो. पण ते मिळायला ठरावीक ट्रॅफिक दाखवावा लागतो. पाचशे-हजार घरांचा पुरवठादार त्यात बसत नाही. मग तो दुसऱ्या एखाद्या मध्यम पुरवठादाराच्या कॅशवर अवलंबून राहतो, म्हणजे आणखी एक मालक.

किमतीचा इतिहास सगळ्यांना आठवतो. जिओ ५ सप्टेंबर २०१६ ला सुरू झालं आणि ३१ मार्च २०१७ पर्यंत डेटा फुकट होता. त्या आधी गावातला ग्राहक नेटवाल्याकडून एक-दोन एमबीपीएसचं कनेक्शन घ्यायचा, कारण मोबाइलवरचा डेटा जपून वापरावा लागायचा. ते खालच्या थरातलं गिऱ्हाईक सहा महिन्यांत मोबाइलकडे गेलं. एअरटेलने या फुकट योजनेविरुद्ध स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. जून २०१७ मध्ये आयोगाने ती फेटाळली. जिओ नवा खेळाडू आहे, बाजारात त्याचं वर्चस्व नाही, असा युक्तिवाद मान्य झाला. कायद्याच्या चौकटीत तो बरोबर असेलही. पण त्या चौकटीत तालुक्याचा नेटवाला कुठेच नव्हता. एअरटेलला वकील होता, त्याला नव्हता.

घरगुती बाजूला पुढच्या चाली झपाट्याने झाल्या. ऑक्टोबर २०१८ मध्ये रिलायन्सने हाथवे आणि डेन या दोन मोठ्या केबल कंपन्यांत निर्णायक हिस्सा घेण्याचं जाहीर केलं: डेनमध्ये सुमारे २,२९० कोटी, हाथवेमध्ये २,९४० कोटी. महाराष्ट्रातल्या असंख्य केबलवाल्यांची तार या दोघांकडूनच येत होती. सप्टेंबर २०१९ मध्ये जिओफायबर आलं, शंभर एमबीपीएसला ६९९ रुपये. वर्षभरात ३९९ चा प्लॅन आला. वर टीव्हीचे चॅनल, सिनेमे आणि क्रिकेटचे सामने. क्रिकेटचे हक्क, ते दाखवणारं अॅप आणि घरातली तार एकाच घराण्याकडे असेल, तर ओटीटीचं पॅकेज जोडून देणं म्हणजे एका खिशातून दुसऱ्या खिशात. नेटवाल्याला तेच पॅकेज रोख पैसे मोजून घ्यावं लागतं.

यातून वाट काढायची म्हणून पुष्कळांनी रेडिओ सोडून स्वतःचं फायबर ओढायला घेतलं. महावितरणच्या खांबांवरून, झाडांवरून, गच्चीवरून गच्चीवर. तिथे खांबाचं भाडं, नगरपालिकेची परवानगी, रस्ता खोदला की पंचायतीची पावती. १ जानेवारी २०२५ पासून तारा आणि खांब टाकण्याच्या हक्काचे, म्हणजे राइट ऑफ वेचे, नवे नियम लागू झाले आणि अर्ज, मुदत, शुल्क यांना एकसारखी शिस्त लावायचा प्रयत्न झाला. कागदावर हे छोट्यालाही लागू आहे. प्रत्यक्षात अर्जाचा पाठपुरावा करायला ज्याच्याकडे माणूस आहे, फायदा त्याला.

रेडिओवर जो राहिला, त्याच्या गायरानात आता गर्दी झाली आहे. या विषयातला सगळ्यांत कमी बोलला जाणारा मुद्दा हाच असेल. ५जीच्या स्वतःच्या लहरींवर घरगुती इंटरनेट द्यायला लागलेल्या जिओने जिथे ५जी पुरेसं पोचत नाही किंवा मोबाइलच्या जाळ्यावर भार येतो, तिथे परवानामुक्त ५ गिगाहर्ट्झचे रेडिओ बसवायला सुरुवात केली. ‘अनलायसन्स्ड बँड रेडिओ’, थोडक्यात यूबीआर. २०२५ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने आपल्या आकडेवारीत ही कनेक्शनं ५जीवरच्या कनेक्शनांपासून वेगळी दाखवायला घेतली, तेव्हा त्यांची संख्या लाखांत आहे हे लोकांना कळलं. हजारो कोटींच्या लहरी विकत घेतलेला, गावोगावी स्वतःचे मनोरे असलेला गडी आता फुकटच्या पट्ट्यातही उतरला. त्यात बेकायदेशीर काही नाही. गायरान सगळ्यांचं आहे. पण एका मनोऱ्यावर चारही दिशांना सेक्टर अँटेना लागले, की त्याच पट्ट्यात वर्षानुवर्षं चालणारी नेटवाल्याची लिंक रडायला लागते. परवानामुक्त लहरींना कायद्याचं संरक्षण नसतं. दुसऱ्याच्या गोंगाटाबद्दल तक्रार कुठे करणार? तो चॅनल बदलतो, डिश मोठी करतो, शेवटी गाव सोडतो.

मग नवं गायरान मिळतं का? इथे सरकारचा हात आखडता आहे. ६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातल्या ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झच्या भागासाठी मे २०२५ मध्ये नियमांचा मसुदा आला, पण तो घरातल्या कमी ताकदीच्या वायफायसाठी आणि बाहेर अगदी नगण्य ताकदीच्या वापरासाठी. टाकीवरून टाकीवर नेण्याच्या कामाचा नाही. त्याच्या वरचा भाग मोबाइलसाठी राखायचा विचार आहे. ६० गिगाहर्ट्झच्या पट्ट्याची, ज्याला व्ही बँड म्हणतात, कथा आणखी लांबलेली. या लहरी हवेतल्या ऑक्सिजनमध्येच विरतात, जेमतेम किलोमीटरभर जातात, त्यामुळे एकमेकांना त्रास देण्याचा प्रश्न जवळजवळ नाही. अमेरिकेत हा पट्टा कधीचाच परवानामुक्त आहे. आपल्याकडे ट्रायने २०१४ मध्ये तो सोप्या नियमांखाली खुला करायला सांगितलं. तेव्हापासून मोबाइल कंपन्या म्हणतात लिलाव करा, वायफायवाले म्हणतात मोकळा करा, आणि फाइल हलत नाही. दाट वस्तीत, जिथे तार न्यायला गल्लीत जागा नाही, तिथे छत ते छत गिगाबिटची लिंक देणारं हे तंत्र छोट्या पुरवठादाराला जगवू शकलं असतं. माझ्या मते लहरींच्या धोरणातली ही सगळ्यांत स्वस्तात सुधारता येणारी चूक आहे.

कागदपत्रांचं ओझं वेगळंच. युनिफाइड लायसन्समध्ये समायोजित सकल महसुलाच्या ८ टक्के परवाना शुल्क आहे. एक रुपयाच्या दिवसांपासून ८ टक्क्यांपर्यंतचा हा प्रवास आहे, आणि शुद्ध इंटरनेटच्या उत्पन्नावर हे शुल्क लागावं की नाही यावर सरकार आणि पुरवठादार यांची कोर्टबाजी वर्षानुवर्षं चालली. ऑगस्ट २०२१ मध्ये ट्रायनेच तारेवरच्या ब्रॉडबँडला काही वर्षं या शुल्कातून सूट द्यावी असं सुचवलं होतं. या ८ टक्क्यांपैकी ५ टक्के जातात ग्रामीण भागात दूरसंचार पोचवण्याच्या निधीत, ज्याला आता डिजिटल भारत निधी म्हणतात. म्हणजे जो स्वतः खेड्यात इंटरनेट पोचवतो, तोच खेड्यात इंटरनेट पोचवण्यासाठी वेगळे पैसे भरतो, आणि त्या निधीतून उभं राहिलेलं भारतनेटचं फायबर त्याच्या गावात बऱ्याचदा बंद पेटीत पडून असतं.

नोंदी ठेवण्याचा जाच त्याहून अवघड. इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे पत्ते, आयपीव्ही४, आशियासाठी २०११ मध्येच संपत आले. आज नव्या पुरवठादाराला फार तर ५१२ पत्ते मिळतात. त्याच्याकडे दोन हजार घरं असतील तर एकेका पत्त्यावर कितीतरी ग्राहक बसवावे लागतात, आणि कोणत्या क्षणी कोण कुठे होतं याची नोंद परवान्याप्रमाणे दोन वर्षं ठेवावी लागते. डिसेंबर २०२१ मध्ये ही मुदत एका वर्षावरून दोन वर्षं झाली. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेने सायबर घटनेची खबर सहा तासांत देण्याचा आणि सर्व यंत्रणांचे लॉग १८० दिवस ठेवण्याचा आदेश काढला. जून २०२१ पासून जाळ्यात जोडायची नवी उपकरणं ‘विश्वसनीय स्रोता’कडूनच घ्यायची. यातली एकही अट मुळातून चुकीची नाही. गुन्ह्याचा तपास करायला पोलिसांना नोंद हवीच. पण हजार माणसांची सुरक्षा टीम असलेल्या कंपनीला आणि दोन पोरं, एक अकाउंटंट असलेल्या जिल्हा पुरवठादाराला एकच फॉर्म, एकच मुदत. बँकांत सहकारी पतसंस्थेला आणि स्टेट बँकेला एक नियम लावायचा विचार कुणी करणार नाही.

छोट्याचं गुणगान करताना त्याची खोटही सांगायला हवी. अनेकजण एक गिगाबिट घेऊन शंभर-शंभर एमबीपीएसची दोनशे कनेक्शनं विकतात. एवढं गणित धंद्यात चालतं, कारण सगळे एकाच वेळी पूर्ण वेग वापरत नाहीत. पण काहीजण त्या दोनशेंची पाचशे करतात, आणि रात्री नऊला गावभर बफरिंग. बिल न देता रोखीत घेणं, दुसऱ्याची वायर रात्री कापणं, नगरसेवकाच्या जोरावर इमारतीत एकट्यानेच बसणं, हे प्रकार शहरांत सर्रास झाले आहेत. गावातला नेटवालाही गावातला एकमेव असेल तर ग्राहकाशी मोठ्या कंपनीइतक्याच मगरुरीने वागतो. लहान असणं हा सद्गुण नाही.

मोठं होऊन टिकण्याचा प्रयत्नही झालेला आहे. मुंबईची टिकोना ही कंपनी परवानामुक्त लहरींवर शहरांत हजारो घरांना वायरलेस ब्रॉडबँड द्यायची. इमारतीच्या गच्चीवर अँटेना, तिथून खाली केबल. तिने ४जीच्या लहरीही घेतल्या. २०१७ मध्ये तो ४जीचा व्यवसाय, पाच सर्कलमधल्या लहरींसह, सुमारे १,६०० कोटींना एअरटेलकडे गेला. मध्यम आकाराला या बाजारात जागा नाही, हे तिथे स्पष्ट झालं.

दुसऱ्या टोकाला समाजोपयोगी प्रयोग. हिमाचलच्या धरमशालेत एअरजल्दीने डोंगरांवरून वायफायच्या लिंका टाकून ग्रामीण जाळं उभं केलं. डिजिटल एम्पॉवरमेंट फाउंडेशनने २०१० पासून इंटरनेट सोसायटीबरोबर गावपातळीवर वायरलेस जाळी उभारण्याचं शिक्षण दिलं. आपल्या पालघर जिल्ह्यात आयआयटी मुंबईच्या प्राध्यापक अभय करंदीकर यांच्या गटाने ‘ग्राममार्ग’ प्रकल्पात टीव्हीच्या न वापरलेल्या लहरींवर खेड्यांना इंटरनेट दिलं. या लहरी झाडांतून, उंचसखल भागांतून बऱ्या जातात, जिथे ५ गिगाहर्ट्झ अडकतं. २०१७ मध्ये मोझिलाच्या जागतिक स्पर्धेत या प्रकल्पाला पहिलं पारितोषिक मिळालं. तरी त्या लहरी व्यापारी वापरासाठी खुल्या झाल्या नाहीत. प्रयोग यशस्वी ठरला आणि कागदावर राहिला, ही आपल्याकडे नवलाची गोष्ट नाही.

खरा धडा केरळने दिला. तिथल्या केबल चालकांनी एकत्र येऊन केरळ व्हिजन उभं केलं. गल्लीतली तार आणि ग्राहक ज्याचा त्याचा. अपस्ट्रीमची खरेदी, कॅश, परवाना, नोंदी, हे सगळं एकत्र. आज ट्रायच्या तारेवरच्या ब्रॉडबँडच्या यादीत जिओ, एअरटेल, बीएसएनएल यांच्याबरोबर पहिल्या पाचांत केरळ व्हिजन असतं, एका राज्यातल्या छोट्या लोकांनी मिळून. साखर, दूध, पतपेढ्या सहकारात उभ्या करणाऱ्या महाराष्ट्रात त्या तोडीचं काही उभं राहिलं नाही. आपले केबलवाले एकेकटे मोठ्यांचे फ्रँचायझी झाले. कमिशन मिळतं, ग्राहक कंपनीचा. याचा दोष फक्त कंपन्यांना देता येणार नाही.

केंद्राची पीएम-वाणी योजना डिसेंबर २०२० ची: चहाच्या टपरीवाल्यानेही परवाना न घेता वायफाय विकावं. कल्पना चांगली. पण टपरीवाल्याला कनेक्शन घ्यायला गेलं की कंपन्या व्यावसायिक लीज लाइनचे दर सांगत. जून २०२५ मध्ये ट्रायने आदेश काढला, की २०० एमबीपीएसपर्यंतच्या अशा कनेक्शनला घरगुती दराच्या दुपटीहून जास्त घेता येणार नाही. साडेचार वर्षांनी आलेला हा आदेश योजनेत जीव ओतेल असं वाटत नाही, पण ठोक दरावर कमाल मर्यादा घालता येते हे त्याने मान्य केलं. तेच तत्त्व जिल्ह्याच्या ‘सी’ श्रेणी पुरवठादाराला लावायला हरकत काय? उपग्रहावरून येणाऱ्या इंटरनेटची टांगती तलवारही आहेच. स्टारलिंकला जून २०२५ मध्ये परवाना मिळाला, आणि त्याआधी मार्चमध्येच जिओ आणि एअरटेलने तिच्याशी वितरणाचे करार केले. म्हणजे आकाशातून येणारी सेवाही याच दोन दारांतून येऊ शकते.

सरकारने करायच्या गोष्टी यातून दिसतातच: ठरावीक उलाढालीखालच्या पुरवठादाराला शुल्कात सूट, व्ही बँड मोकळा, भारतनेटचं फायबर रास्त ठोक दराने. वाचकाच्या हातातही एक गोष्ट आहे. तुमच्या सोसायटीत बिल्डरने किंवा समितीने एकाच कंपनीला आत येऊ देण्याचा करार केला असेल, तर येत्या वार्षिक सभेत तो काढायला लावा, आणि गच्चीवर खांब उभारू मागणाऱ्या स्थानिक पुरवठादाराला मोठ्या कंपनीइतकंच भाडं लावून जागा द्या. गावात असाल तर ग्रामपंचायतीच्या पाण्याच्या टाकीचं भाडं ग्रामसभेत ठरवून घ्या, आणि ते सगळ्यांना सारखं ठेवा.